खड्याच्या पोटात

“खडा काढलास म्हणजे काम संपलं असं नाही. तो का झाला ते शोध, आणि जे सापडेल ते पेशंटला सांग. चूक डॉक्टरची असली तरी.” डॉक्टर वडिलांनी, भाऊंनी, गंधालीकडून तसा शब्दच घेतला होता. ते जाऊन सहा वर्षं झाली, तरी मुलुंडच्या त्या छोट्या ऑपरेशन थिएटरमध्ये हात धुताना तिला तेच ऐकू यायचं.

वनमालाबाईंच्या लघवीच्या पिशवीत तिसऱ्यांदा खडा झाला होता. आधी दोन वेगळ्या दवाखान्यांत फोडून काढला, पण वर्षभरात पुन्हा जळजळ, पुन्हा रक्त. कारण बाईंनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. एका सोमवारी निर्जळी उपासात चुकून घोटभर पाणी प्यायल्या, त्याची ही शिक्षा. तेव्हापासून सोमवारी कितीही कोरड पडो, थेंब घ्यायच्या नाहीत. भरपूर पाणी प्या म्हणून गंधालीने बजावलं की नुसत्या हसायच्या.

आज लेसरने खडा फुटला आणि आत काळा दोरा दिसला. जुन्या टाक्याचा, न विरघळणारा. कधीकाळी गर्भाशय काढताना कुणाची तरी सुई लघवीच्या पिशवीतून गेली होती. त्या दोऱ्याभोवती इतकी वर्षं खडा जमत होता.

“दोरा निघाला ना मॅडम? मग पुरे की,” सिस्टर जयंती हळूच म्हणाली. “उगाच कुणाला कशाला उघडं पाडायचं?”

“बाई सोमवारभर तहानेने जीव मारतायत, जयंती. तो देवाचा कोप नव्हता, हे त्यांना कळायला नको?”

संध्याकाळी तिने जुन्या ऑपरेशनचा कागद मागितला. वनमालाबाई देईनात. त्या डॉक्टरांनी आपल्याला मरणातून ओढून काढलं, त्यांच्या नावाने रोज देवापाशी वात लावते, एवढंच सांगत राहिल्या. अखेर उशीखालची प्लास्टिकची पिशवी पुढे केली.

“घे गो बाय. पण त्या देवमाणसाक बोल लावू नको.”

गंधालीने पिशवी घेतली. असल्या निष्काळजी माणसाचं नाव रिपोर्टात लिहायचंच, हे तिने ठरवलं होतं. केबिनमध्ये येऊन तिने पिवळा पडलेला कागद उलगडला. घाटकोपरचं कुठलंसं प्रसूतिगृह, कधीच बंद पडलेलं. खाली सही.

तिने सही पुन्हा एकदा पाहिली. मग कागदाची घडी घालून उठली आणि वनमालाबाईंच्या खाटेकडे निघाली. शाळेत तिच्या प्रगतिपुस्तकावर, ‘पालकांची सही’ या ओळीवर, भाऊ हीच सही करायचे.