अकरा इसम

चंदर पाथरवटाने छिन्नी तिरकी धरून वीराच्या दगडावरच्या शेंदराच्या पुटावर पहिला ठोका घातला, तेव्हा वेशीत जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. ऐंशी वर्षं ज्याला तेल-शेंदूर वाहिला, नवस बोलले, त्या वीराला असं सोलायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? पण परवानगी खुद्द पुंजाबाबाने दिलेली, आणि वीर त्याच्याच घरचा. मग बोलणार कोण?

कारगिलच्या पुढचं वर्ष. गावाने शहीद स्मारक बांधायला घेतलं होतं. अंबडला कारखान्यात कामाला असलेल्या गावच्याच महेशने तिकडूनच काळा ग्रॅनाइट कापून आणला होता. त्यावर बासष्टचा एक आणि एकाहत्तरचे दोन अशी तीन नावं ठरली होती. चौथं बापाचं यावं, एवढीच पुंजाबाबाची इच्छा. बाप पहिल्या महायुद्धाला गेला, म्हणजे गावच्या भाषेत लामावर गेला, तो आलाच नाही. पुंजा तेव्हा आईच्या पोटात होता. महेश म्हणाला, बाबा, काहीतरी पुरावा लागेल. आता पुरावा कुठून आणायचा? पण आई सांगायची की लाम संपल्यावर सरकारने वेशीत हा दगड लावला, त्यावर तुझ्या बापाचं नाव आहे, शेंदराखाली. ते एकदा ग्रॅनाइटवर चढलं की चौऱ्याऐंशी वर्षांचा जीव डोळे मिटायला मोकळा.

पुट काही लवकर सुटेना. बाबा पारावर बसून बघत राहिला आणि बघता बघता चार वर्षांचा झाला. आई, चिमणाबाई, दर अमावास्येला पितळीत शेंदूर कालवायची. भाजीला तेल नसलं तरी चालेल, दगडाला हवंच. धुळवडीला गावातून वीरांची मिरवणूक निघायची, तेव्हा लामावरून परत आलेला चिमाजी त्याला खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे नाचायचा. वीराचं पोर म्हणून गुळाचा पहिला खडा पुंजाला. काय दिवस होते ते! बिनबापाचा म्हणून कुणी कधी हिणवलं नाही. बाप कसा गेला, असं विचारलं की चिमाजी दुसरीकडे बघत म्हणायचा, "गर्दीत हात सुटला रे, पोरा." पुंजाला त्या गर्दीत बंदुका दिसायच्या, धूर दिसायचा.

चंदरने हात थांबवला. म्हणाला, बाबा, हा नुसता शेंदूर नाही. आधी चुना कालवून अक्षरं बुजवलीत, बोटाने दाबून दाबून, एकूण एक. शेंदूर त्याच्यावर. असं कोण कशाला करेल, ते त्यालाही कळेना. त्याने टोच्याने चुना कोरून काढला. महेशने बादलीभर पाणी ओतलं, वाकून वाचलं आणि ताठ उभा राहिला. जमलेल्यांकडे वळून त्याने सांगितलं की अक्षरं झिजलीत, काही लागत नाही, जा आता घरी. बायका हळहळत पांगल्या.

पुंजाबाबा मात्र जुनी चौथी पास होता. तो उठला आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत गेला.

"या गांवांतून महायुद्धांत ११ इसम गेले. ते सर्व सुखरूप परत आले."

नाव एकही नव्हतं. बाबाने दोनदा वाचलं. मग त्याला चिमाजीची ती गर्दी दिसली. ती लढाईतली नव्हतीच. मुंबईच्या धक्क्यावर बोट लागलेली, खिशात पगार घेऊन माणसं उतरतायत, आणि त्यातला एक हात आपणहून सुटतोय. उरलेले दहा गावी आले. त्यांना माहीत होतं. त्यांच्या बायकांना माहीत होतं, वाचता येणाऱ्या गुरुजींना तर असणारच. ज्या गावाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या गावाने एवढी एक गोष्ट जन्मभर पोटात ठेवली आणि सरणावर सोबत नेली. एका पोरासाठी! आणि आई? तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. कुठलं अक्षर घात करेल ते ठाऊक नाही, म्हणून तिने सगळीच बुजवली.

बाबा रडला, चारचौघं रडतात तसा, नाक ओढत. बापासाठी नव्हे. त्याच्यासाठी आजवर रडला ते फुकट गेलं, याचा उलट त्याला रागच आला. आई मात्र आत्ता समोर हवी होती, तिचे पाय धरायला.

महेश शेजारी येऊन बसला. आवाज खाली करून म्हणाला, "बाबा, नाव मी घालतो. कुणाला कळतंय?"

बाबाने त्याच्याकडे पाहिलं. दहाजणांतल्याच एकाचा हा पणतू. बाबाला बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. तरी त्याने मान हलवली.

"नको. जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं तिनं, माझ्यापायी. आता अजून झाकाझाकी नको."

मग तो गुडघ्यांवर हात टेकत परत दगडापाशी गेला. सरकारच्या त्या दोन ओळींखाली वीतभर जागा कोरी होती. त्याने ती तळव्याने पुसली आणि चंदरला सांगितलं, की इथं चिमणाबाई लिही.

चंदर घुटमळला. लढाईच्या दगडावर बाईमाणसाचं नाव त्याच्या बापजाद्यांनीही कधी कोरलं नव्हतं. तो महेशकडे बघू लागला.

"त्याच्याकडं काय बघतो?" बाबा म्हणाला. "बाईचं नाव कोराया येगळी छिन्नी लागती का रं?"