हो की नाही

"मी त्या पिंजऱ्यात चढणार नाही," आई म्हणाली आणि तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले.

मुलाचं डोकं सणकलं. जुन्या कोर्टाचं हॉटेल झाल्यापासून इथं टेबल मिळणं मुश्कील. आईची पंच्याहत्तरी म्हणून त्यानं जेवण आणि रात्रीची खोली, दोन्हींसाठी किती खटपट केली होती. आणि ही आल्यापासून धुमसत होती. न्यायाधीशांच्या जागी मांडलेल्या बाटल्या बघून तिनं नाक मुरडलं. सूप परत पाठवलं. वरच्या खोलीत नुसतं डोकावून 'इथं मला झोप यायची नाही' म्हणून मोकळी झाली.

सून तिची समजूत घालत होती. हॉटेलची ती गंमतच होती. ज्याचा वाढदिवस, त्यानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं. काळा डगला चढवलेला वेटर वकील होऊन उलटतपासणी घेणार. उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि शिक्षा म्हणून केक. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा, बायकोला घाबरतो असं भर सभेत कबूल करून, नुकतेच सुटून आले होते.

"सगळे बघतायत, आई," मुलगा दातओठ खात म्हणाला. "ऐन वेळी अंग काढून घ्यायची तुझी जुनीच खोड आहे."

हे बोलणं केकबद्दल नव्हतं. तो चार वर्षांचा असताना आईवडिलांची फारकत झाली आणि तो वडिलांकडे गेला. तिकडची आजी त्याला भरवता भरवता सांगायची, कोर्टात विचारलं तर तुझी आई सरळ 'हो' म्हणाली, एका शब्दात तुला देऊन टाकलं. वडील वारल्यावर, मिसरूड फुटलेल्या वयात, तो आईकडे परत आला. कोर्ट कुठलं, प्रश्न कुठला, त्यानं कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही. तो 'हो' मात्र माशाच्या काट्यासारखा घशात अडकून राहिला.

आईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग सुनेचा हात झटकून ती तरातरा गेली आणि पिंजऱ्यात उभी राहिली. कठड्याला आता लाल मखमल लावली होती. तिनं ती मुठीत आवळली.

वेटरनं घसा खाकरला. "आजी, खरं सांगा. सुनेची नजर चुकवून तुम्ही साखर खाता. हो की नाही?"

लोक हसले. आई हसली नाही.

"तुझा प्रश्न राहू दे, बाबा. माझं इथलं आधीचं उत्तर अर्धं राहिलंय." ती वेटरकडून मुलाकडे वळली. "याच पिंजऱ्यात वकिलानं विचारलं, तापानं फणफणलेलं पोर घरात टाकून तुम्ही रात्रभर बाहेर होतात, हो की नाही? मी म्हटलं, हो, पण. तो ओरडला, पण-बिण नको. जजसाहेबही म्हणाले, तेवढंच उत्तर द्या. मग मी नुसतं हो म्हटलं."

वेटरनं हळूच डगला काढला.

मुलगा जागेवरून उठला होता. "पण काय, आई?"

"पण आतून कडी तुझ्या बापानं घातली होती."