पुढची खुर्ची

माझ्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी हॉलिसदादाचे गुडघे गेले. जन्मभर त्याने ऑ सेबल नदीवर होडीच्या मागच्या टोकाला उभं राहून, काठी रेटत, गळ टाकायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना ट्राउट माशांपर्यंत नेलं होतं. नवी होडी निवडताना त्याने वल्ह्यांच्या खोल होडीवर हात ठेवला. “ही बसून चालवता येईल.” “पाणी घोटाभर, दादा. ही दगडांत अडकेल. सपाट बुडाचीच घेऊ, काठी मी धरतो.” होडीत तो पुढे, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. कुणी ओळखू नये म्हणून टोपी नाकापर्यंत ओढली. पुलावरून त्याच्या जोडीने गिऱ्हाइकांच्या होड्या चालवणारा रस्को ओरडला, “आज कुठलं गिऱ्हाईक रे?” दादाची मान खाली गेली. “डेट्रॉइटचं,” मी म्हणालो. रस्को टोपीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “त्याला वळणावरचा मोठा मासा दाखव. गिऱ्हाइकांना आपण दाखवत नाही तो.” दादा त्याच ऑक्टोबरात वारला.