सब ठीक

वाघमोडे सुभेदारांनी जवान खोतच्या पायातला मोजा हळूच काढला. हिमदंशानं तीन बोटं काळीठिक्कर पडली होती. बर्फाच्या वादळात हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं.

"कधीपासून रे हे?"

"पाच दिवस झाले, साहेब."

"अरे, मग रोजच्या हजेरीला का बोलला नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना साहेब, पोस्टवर रडगाणं गायचं नाही. विचारलं की एकच उत्तर, सब ठीक."

सुभेदार बाकीच्या आठ जवानांकडे वळले. "पोरांनो, हात जोडतो. खरं सांगा, आणखी कुणाला काही होतंय?"

आठही जण खाडकन सावधान झाले. त्यातल्या दोघांच्या टाचा जुळल्याच नाहीत.

"सब ठीक, साब!"