वरचे दहा कागद

महेंद्रनं येसूबाईंचा केसपेपर पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि खिडकीच्या जाळीपलीकडं उभ्या असलेल्या शालूबाईला म्हणाला, "मावशी, दुपारी बघतो म्हटलं ना."

"दुपारपातूर ऱ्हाईल का वं म्हातारी?"

शालूबाई येसूबाईंची सून. आठ दिवसांपूर्वी आटपाडीकडच्या एका वाडीतून सासूला एसटीत घालून तिनं इथं आणलं होतं. सकाळपासून खिडकीपाशी तिची ही तिसरी फेरी.

सरकारी दवाखाना साठ खाटांचा, आणि औषधनिर्माता एकटा महेंद्र. नऊला औषधाची खिडकी उघडायची. त्याआधी तासभर वॉर्डातले केसपेपर आणून कुणाच्या औषधांत काही घोळ नाही ना हे बघायचं, असं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं कुणी मदतीलाही येत नव्हतं. तासात दहाच कागद नीट बघून व्हायचे. मग वरचे दहा कोणाचे, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. पाचाच्या वर औषधं चालू असलेले, इन्शुलिनवाले, मूत्रपिंडं बिघडलेले. बाकीच्यांनी थांबायचं. या रीतीचा त्याला थोडा अभिमानही होता.

येसूबाईंच्या कागदावर औषधं दोनच. एक लघवीची गोळी, आणि हृदयासाठी डिगॉक्सिन, रोज एक. डोस बरोबर. असला कागद वर यायचा कसा?

"होतंय काय त्यांना?" त्यानं विचारलं. खरं तर तिला वाटेला लावायलाच.

"वकाऱ्या लय व्हत्यात. आन् समदं पिवळं दिसतंय म्हंती. भाकरी पिवळी, चादर पिवळी. बायका म्हंत्यात कावीळ झाली."

महेंद्रचा हात थांबला. डिगॉक्सिन अंगात जास्त झालं की माणसाला पिवळं दिसतं, हे कॉलेजात शिकलेलं त्याला पक्कं आठवत होतं. पण रोज एकच गोळी जास्त होणार कशी?

"घरनं आणलेली एखादी गोळी देता का त्यांना? बाहेरच्या डॉक्टरची?"

शालूबाईनं मागं वळून पाहिलं. मागं विजयमाला सिस्टर इंजेक्शनं न्यायला उभ्या होत्या. बाहेरचं औषध सापडलं तर नाव कमी करून घरी पाठवीन, असं त्यांनी दाखल करून घेतानाच दरडावलं होतं. सगळ्यांनाच दरडावत.

"न्हाई बा," शालूबाई म्हणाली. "तुमचंच चालू हाय."

महेंद्रला सुटल्यासारखं झालं. कागद तळाशीच राहिला.

पाच मिनिटंही झाली नसतील, वॉर्डातून शालूबाईची किंकाळी ऐकू आली. महेंद्र खिडकी उघडी टाकून पळाला. येसूबाईंची मान कलली होती, ओठ काळवंडले होते. त्यानं मनगट धरलं. एक ठोका लागला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. घड्याळ लावून मोजले तेव्हा मिनिटाला छत्तीस भरले.

"सिस्टर, डॉक्टरांना बोलवा! ॲट्रोपिन काढा!"

मग तो शालूबाईकडं वळला. "मावशी, पाया पडतो तुमच्या. काय दिलंय ते सांगा. कुणी घरी पाठवत नाही."

शालूबाईनं कनवटीची पुडी काढली. आत कापलेल्या पट्टीचा तुकडा होता. नाव तेच, डिगॉक्सिन.

"सकाळी एक, सांजच्याला एक. गावाकडच्या डाक्टरनं सांगितलेलं, कवाबी चुकवायची न्हाई. म्या एक दिस चुकवली न्हाई वं." तिनं पदर तोंडात कोंबला. "म्या मारलं व्हय आत्याबाईला?"

महेंद्रनं मनातल्या मनात मोजलं. दवाखान्याची एक आणि तिच्या दोन, अशा रोज तीन. आठ दिवस. हा कागद पहिल्याच दिवशी हातात घेऊन तो खाटेपाशी येऊन बसला असता तर? त्याला स्वतःची शिसारी आली.

दोन डॉक्टरांपैकी एक पोलिओ डोसाच्या बैठकीला सांगलीला गेलेले. होते ते धावत आले, त्यांनी ठोके वाढवायचं ते ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. ठोके चाळीसवर आले आणि तिथंच घुटमळले. "मिरजेला हलवायला पाहिजे. मी गाडीसाठी फोन करतो, तू नाडी सोडू नको," म्हणत ते गेले. सिस्टरही त्यांच्या मागोमाग गेल्या.

महेंद्र खाटेच्या कडेला टेकला. ठोका. थांबणं. ठोका. समोर शालूबाई सासूचे पाय चोळत होती. वॉर्डातली सगळी माणसं इकडंच बघत होती.

सिस्टर दाराबाहेर गेल्या तसा शेजारच्या खाटेवरचा दमेकरी कोंडीबा हळूच हलला. त्यानं उशीखाली हात घालून कागदाची पुडी काढली. पलीकडं एका बाईनं जेवणाच्या डब्याचा तळचा पुडा उघडला. कुणी पिशवीतून बाटली काढली, कुणी बंडीच्या खिशातून पट्टी. एकेक करून माणसं महेंद्रभोवती येऊन उभी राहिली, हात पुढं करून. त्याला मनगट सोडता येत नव्हतं.

"सायेब," कोंडीबा दबक्या आवाजात म्हणाला, "आमचं बी बघता का? आमी बी न्हाईच म्हनलोय."