करंट खातंय कोण?

आतल्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि ती केवढ्याने तरी दचकली. गेली दहा मिनिटं ती नवरा आणि लेकीसोबत या गॅरेजमध्ये उभी होती.

"माझंच जेवण शिजतंय ताई, घाबरू नका," बॉनेटमध्ये डोकं घातलेला वायरमन म्हणाला. चष्मा कपाळावर, दातांत स्क्रू. पुढे दुकान, मागे घर, मध्ये फक्त एक पडदा.

सकाळपासून गाडी दोनदा बंद पडली होती. आधी लॉजच्या दारात, मग पेट्रोलपंपावर. दोन्ही वेळा अनोळखी माणसांनी धक्का मारला होता. समुद्र अजून दोन तासांवर होता, आणि सुट्टीचे दिवस दोनच.

"बॅटरी बदलूनच टाका ना," नवरा म्हणाला. "निघायचंय आम्हाला."

"हो, नवीनच टाका," ती लगेच म्हणाली.

कित्येक महिन्यांनी दोघांचं इतक्या झटकन एकमत झालं होतं.

"मला काय, मी दोन विकीन," वायरमनने स्क्रू हातात काढून घेतला. "पण ही ठणठणीत आहे हो. गाडी बंद असताना काहीतरी गुपचूप करंट खातंय. नवीन टाकलीत, तर तिलाही खाऊन मोकळं होईल."

करंट कोण खातंय ते तिला ठाऊक होतं.

डॅशबोर्डाच्या आत, डाव्या बाजूला, काडेपेटीएवढी एक काळी डबी होती. गाडी कुठे आहे ते तिच्या फोनवर दाखवणारी. नवरा उशिरा घरी यायला लागला, विचारलं की तुटक उत्तरं द्यायला लागला, तेव्हा तिने ती बसवून घेतली होती. बसवणारा म्हणाला होता, "थेट बॅटरीवरून घेतो. किल्ली काढली तरी चालू राहील." नकाशावरचा ठिपका दर गुरुवारी एका रिकाम्या मैदानाशी तासभर थांबायचा. तिने त्या ठिपक्याकडे बघत किती संध्याकाळी जाळल्या होत्या.

आणि मग गेल्या महिन्यात त्याने आपणहून सांगितलं होतं. घरातला अबोला सोसवत नाही, म्हणून मैदानाशी गाडी लावून नुसता बसून राहतो. सांगताना तो रडला होता. तीही रडली होती. तिच्या हातावर हात ठेवून तो म्हणाला होता, "आता एकमेकांपासून काही लपवायचं नाही." म्हणून तर ही सहल. डबी काढायला मात्र तिला सवडच झाली नव्हती. आज ती सापडली, तर सहल राहिली बाजूला, घरसुद्धा परत जुळणार नव्हतं.

वायरमनने बॅटरीची एक तार सोडवली आणि मध्ये एक छोटा बल्ब जोडला. बल्ब मिणमिणला.

"ये गं ठमाकाकू," त्याने तिच्या सहा वर्षांच्या लेकीला हाक मारली. "तुला नोकरी देतो. मी एकेक फ्यूज काढणार. हा दिवा विझला की ओरडायचं. विझला म्हणजे चोर सापडला."

"पगार?"

"एक बिस्कीट."

"दोन. आणि मी ठमाकाकू नाहीये."

"बरं मॅडम, दोन."

लेक उलट्या क्रेटवर चढून बसली आणि डोळे वटारून बल्बकडे बघू लागली.

"हॉर्नचा काढला. विझला?"

"नाही!"

"रेडिओचा?"

"नाही!"

प्रत्येक "नाही"सरशी तिची नजर डॅशबोर्डाच्या डाव्या बाजूकडे जात होती. नवरा रुमालाने मान पुसत होता. पंखा तर त्याच्याच डोक्यावर फिरत होता.

शेवटचा फ्यूज निघाला तरी बल्ब तसाच.

"वाटलंच मला," वायरमन खूश झाला. "कुणीतरी थेट बॅटरीवरून वायर ओढलीय. आता तिचं शेपूट धरून जायचं." त्याने दार उघडलं आणि पुढच्या सीटखाली आडवा शिरला. बाहेर फक्त पाय उरले.

सापडण्याआधी आपणच सांगावं. निदान तेवढं तरी.

"ऐक ना," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "जरा बाहेर चल. मला काहीतरी..."

"थांब," त्याचा आवाज फाटला होता. "आधी मला बोलू दे."

"घावला!" गाडीतून आरोळी आली.

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा वायरमनच्या तळहातावर डबी होती. पांढरी.

तिची काळी होती.

"तू माहेरी गेली होतीस ना, तेव्हा बसवली," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला. "रात्रंदिवस फोन हातात असायचा तुझ्या. मी काही विचारलं की स्क्रीन उलटी. मला वाटलं... काय काय वाटलं. आज सांगणारच होतो, समुद्रावर."

आधी तिला एकदम हलकं वाटलं. सुटले. आणि मग त्या मोकळ्या जागेत संताप भसाभस भरत गेला.

"पाळत?" ती म्हणाली. "माझ्यावर? अरे, लेकीला शाळेत सोडायला नेते मी ही गाडी! आणि वर माझ्या हातावर हात ठेवून म्हणतोस, काही लपवायचं नाही?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! मी असं केलं असतं तर?"

वायरमनने बिचाऱ्याने ऐकलंच नाही असं दाखवत पक्कड उचलली आणि पांढऱ्या डबीची वायर कचकन तोडली. आवाज चढवून बोलताना तिला स्वतःचं म्हणणं अगदी खरं वाटत होतं. तिने पदर सावरला, पर्स खांद्याला अडकवली, आणि पुढचं वाक्य तोंडात तयार असतानाच कुणीतरी तिचा हात ओढला.

या सगळ्या गदारोळात नोकरी न सोडलेली ती एकटीच होती.

"आई," लेक बल्बवरची नजर न काढता म्हणाली, "चोर तर सापडला. मग हा दिवा अजून का विझत नाहीये?"