आर्डिथच्या बेकरीची जागा

नगर परिषदेच्या सभेत ड्वेन पुन्हा बोलायला उभा राहिला, तेव्हा नोरीनने चष्मा काढून डोळे चोळले. त्याचं भाषण तिला आता पाठ झालं होतं. एका फ्लॅटमागे दोन गाड्या लावायची जागा हवी, हा नियम शहराने काही उगाच केलेला नाही. तो काढून टाकला तर नव्या इमारतीतली माणसं आपल्या गाड्या मिल स्ट्रीटवर आणून लावणार. मग त्याच्या फर्निचरच्या दुकानात यायला गुडघे दुखणारं गिऱ्हाईक बर्फातून चालत येणार का?

"नगरसेविकाबाईंना चालायची हौस असेल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आमच्या गिऱ्हाइकांना नाही."

मागच्या खुर्च्यांवर थोडा हशा पिकला. नोरीन चिडली नाही. चिडायलाही अंगात त्राण लागतं. ड्वेन तिचा सख्खा थोरला भाऊ. याच नियमावरून त्याने या वर्षी तिला थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला बोलावलं नव्हतं, आणि तिने एकटीने डबाबंद सूप गरम करून प्यायलं होतं.

वाद तसा साधा होता. मिल स्ट्रीटवरचं बंद पडलेलं मोठं दुकान पाडून मिलवॉकीच्या एका बिल्डरला तिथे चार मजली इमारत बांधायची होती. नियम तसाच राहिला तर गाड्या लावायला त्याला शेजारची जागा घ्यावी लागणार होती, आणि शेजारी आर्डिथची बेकरी होती. नियम सैल झाला तर बेकरीला धक्का लागणार नव्हता. बिल्डरने परिषदेपुढे स्वच्छ सांगितलं होतं की त्याला दोन्ही चालेल, फक्त एकदाचं काय ते ठरवा.

ते 'एकदाचं' ठरवण्यात दोन हिवाळे गेले. नकाशे आले, तज्ज्ञ आले, परत गेले. सुनावण्या पुढे ढकलल्या गेल्या. माणसं तीच, मुद्दे तेच, कॉफीसुद्धा तीच पाणचट.

आर्डिथ आणि नोरीन शाळेपासूनच्या मैत्रिणी. नवरा गेल्यापासून आर्डिथ बेकरी एकटीच बघायची. मनगटांना पट्टे बांधून भल्या पहाटे पीठ मळायला उभी राहायची. तिची बहीण ॲरिझोनाला, उबदार हवेत राहायची. दर हिवाळ्यात ती फोन करून बोलवायची, पण बेकरी सोडून आर्डिथ कुठे जाणार, असं सगळं गाव कौतुकाने म्हणायचं. वाचनालयातल्या बायकांनी तिच्या दुकानाच्या काचेवर 'आर्डिथची बेकरी वाचवा' असा फलक लावला होता. त्यातल्या बऱ्याच जणी पाव हायवेवरच्या सुपरमार्केटातून आणायच्या. पण फलक मनापासून लावला होता. बिल्डर तिच्याकडे येऊन गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं. आज ती नाही म्हणेल, पण एकटी बाई किती दिवस नाही म्हणत राहणार, याची लोकांना काळजी लागली होती.

नोरीनला तर जास्तच. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात ती बेकरीत बसली होती. आर्डिथने तिच्यापुढे दालचिनीचा रोल ठेवला आणि काउंटर पुसता पुसता विचारलं, "नियम राहिला, तर तो ही जागा घेईल ना गं? नक्की घेईल?"

"घ्यावीच लागेल त्याला. पण तू घाबरू नकोस, मी आहे ना."

आर्डिथने फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तू किती दमलीयस, नोरी. ड्वेनशी भांडण झालं, झोप उडाली. इतकं कशाला अंगावर घेतेस? मतदानाला नाही गेलीस तरी चालेल."

नोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचं दुकान जायची वेळ आलीय आणि ही आपल्या झोपेची काळजी करतेय. त्याच क्षणी तिने ठरवलं, आता माघार नाही.

आणि आता सभागृहात ड्वेनचं भाषण संपलं होतं. अध्यक्षांनी एकेकाचं नाव पुकारून मत विचारलं. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या आणि नोरीनचं नाव शेवटी राहिलं. तिने भावाकडे पाहिलं. तो बोटातली अंगठी फिरवत होता. वडील असेच फिरवायचे.

"नियम बदलावा," ती म्हणाली.

टाळ्या वाजल्या. ड्वेनने कोट उचलला आणि तिच्या खुर्चीजवळून निघून गेला, थांबला नाही. मागच्या रांगेत बसलेली आर्डिथही कुणाशी न बोलता बाहेर पडली. तिला रडू आवरत नसेल, असं कुणीतरी म्हणालं. नोरीनलाही तसंच वाटलं.

सकाळी ती बेकरीत गेली, तेव्हा बर्फ नुकताच बाजूला लोटलेला होता. कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली होती. भाऊ दुरावला होता, पुढच्या निवडणुकीत आपण पडणार हेही तिला दिसत होतं. पण तिला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. दोन वर्षांत एक काम तरी धड झालं होतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आर्डिथने न विचारताच कॉफी ओतली. कप पुढे सरकवताना तिची बोटं नीट वळत नव्हती.

"बिल्डरचा फोन आला होता," ती म्हणाली. "आता जागा नको म्हणाला."

"मग! सुटलीस की नाही?" नोरीनने तिच्या हातावर हात ठेवला. "आता तुला कुणी हलवत नाही इथून."

आर्डिथने मान हलवली. मनगटाचा सैल झालेला पट्टा दातांनी ओढून घट्ट केला.

"मी त्याला केव्हाच हो म्हटलं होतं गं," ती म्हणाली.